टॉर्च नंतर, आधी खोली बघा!

लोखंडी अँगलचं कॉफी टेबल स्वतः बनवायचंय? झक्कास! पण लगेच नागदेवी स्ट्रीटला टॉर्च आणायला धावू नका. ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा गॅस कटर जाड लोखंड सहज कापतो. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियमपुढे मात्र हात टेकतो. प्लाझ्मा कटर तेही कापतो, पण त्याला बहुधा कॉम्प्रेसर लागतो. गॅसच घ्यायचा, तर ॲसिटिलीनचा सिलिंडर कायम उभा हवा आणि फ्लॅशबॅक अरेस्टर मस्टच. आता सांगा, लालबागच्या चाळीत, लाकडी जिन्याशेजारी हे दोन सिलिंडर ठेवणार कुठे? त्यापेक्षा अँगलला चार इंची ग्राइंडर पुरे. ठिणग्या त्याच्याही उडतात. गॉगल घाला, गॅलरीतले कपडे आधी काढा. जाड पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणा. टेबल तुमचंच, आणि शेजारच्या काकूही निवांत!