ॲप तेच, पण पैसे कोणाकडे?

2024 मध्ये पेटीएम वापरणाऱ्या बऱ्याच जणांचं यूपीआय हँडल बदललं. ॲप तेच, क्यूआर तोच, चहावाल्याला पैसेही आधीसारखेच जात होते. पण मागे बरंच काही घडलं होतं. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला 15 मार्चनंतर नव्या ठेवी घ्यायला मनाई केली, म्हणून यूपीआयसाठी हे ॲप दुसऱ्या बँकांना जोडलं गेलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, फ्रंटएंड तोच, बॅकएंड नवा.

गोम इथेच आहे. स्क्रीनवर सगळे आयकॉन सारखेच चकाचक दिसतात, पण त्यांच्यामागच्या संस्था एकसारख्या नसतात. फोनपे, गुगल पे यूपीआयपुरते फक्त निरोप पोचवतात. तुमचे पैसे तुमच्याच बँकेत असतात. पेमेंट्स बँक ही खरी बँक, पण छोट्या खात्यांसाठी आणि गावी पैसे पाठवणाऱ्यांसाठी काढलेली. तिथे 2 लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते आणि ती स्वतः कर्ज देऊ शकत नाही.

खरी गडबड एफडीमध्ये होते. ॲपवर जास्त व्याजाची जाहिरात दिसली की आपण आकडा बघतो, नाव वाचत नाही. स्मॉल फायनान्स बँक असेल तर व्याज धरून 5 लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. तीच एफडी एनबीएफसीची असेल तर हा विमा शून्य! फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि शाखांबाहेर गर्दी झाली, तेव्हा ठेवीदारांना निदान या 5 लाखांचा आधार होता, कारण सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे.

पतसंस्थेला मात्र नाही. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पण ती पण सहकारीच ना?" सहकारी आहे, पण बँक नाही, तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची. पतसंस्थांना मी नावं ठेवत नाहीये हं. भाजीवाल्याकडून रोज शंभर-दोनशे गोळा करायला पिग्मी एजंट पाठवणारी मोठी बँक मला तरी माहीत नाही. फक्त आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवताना हा फरक माहीत हवा.

आणि लोन ॲप? ते बहुतेक वेळा दलाल असतं. कर्ज देते मागची बँक किंवा एनबीएफसी. पैसे थेट त्या संस्थेच्या खात्यातून तुमच्या खात्यात यायला हवेत आणि वर्षाचा एकूण खर्च आधी लेखी दाखवायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉन्टॅक्ट लिस्ट मागायला तर त्यांना परवानगीच नाही. जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अशा ॲप्सची यादीही आहे. ॲप इन्स्टॉल करण्याआधी तिथे नाव शोधा. सापडलं, तर ते कोणत्या संस्थेसाठी काम करतं तेही तिथेच दिसेल.