कापसाची गाठ आमची, संशोधनाची किल्ली कुणाकडे?

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

कापूस कसा आहे हे साच्यावर उभ्या राहणाऱ्याला कुणी पंडिताने सांगावे लागत नाही. धागा आखूड असला, कच्चा असला, की तार घडोघडी तुटते. सांधून सांधून बोटं सोलतात, मुकादम अंगावर येतो, आणि उत्पादन घटल्याचा ठपका कामगाराच्या माथी बसतो. अहो, उत्पादन साच्यावर घटलेलं नसतं, ते बियाण्यातच घटलेलं असतं! आणि बियाणं कोणतं मिळणार, हे ठरतं संशोधनाच्या शेतावर. म्हणून सरकार संशोधनाला पैसा किती देतं, कुणाच्या हातून देतं आणि हिशेब कुणाला देतं, हा प्रश्न तुमच्या पगाराचा आहे, तुमच्या शेतातल्या भावाच्या पोटाचा आहे.

ही गोष्ट परभणीची आहे. 1918 साली निजामी अमलात परभणीला प्रायोगिक शेत सुरू झालं. आपल्या परभणी-नांदेडच्या काळ्या रानात पिकणारा गावराणी कापूस मुंबईच्या बाजारात नाव कमावून होता. त्याचं वाण सुधारावं म्हणून इथे खटपट झाली. तिला पैसा कुठून आला? 1921 साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती झाली. 1923 साली कायदा झाला, आणि गिरणीत वापरल्या जाणाऱ्या व परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गाठीवर उपकर बसला. आरंभी 4 आणे, पुढे 2 आणे. त्याच पैशातून 1924 साली माटुंग्याला, गिरणगावाच्या उशाशी, कापसाची प्रयोगशाळा उभी राहिली. शेतावरचं नवं वाण तिथे कातून बघायचं, सूत किती नंबरचं निघतं, किती ताकदीचं निघतं ते मोजायचं, आणि मग शेतकऱ्याला सांगायचं, पेर हे!

व्यवस्था चांगली होती, हे मोकळेपणाने म्हणू या. पण त्या समितीत बसत कोण? गिरणीमालक, व्यापारी, जिनिंगवाले, सरकारी अधिकारी आणि शेतकऱ्यांच्या नावाने नेमलेले काही लोक. ज्याच्या बोटांखालून ती गाठ सुताचं रूप घेऊन जात होती, तो कामगार दाराबाहेर. पैसा गाठीचा, घाम आपला, खुर्ची दुसऱ्याची!

पुढे समिती 1966 साली गेली, काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेलं. गाठीवरचा तो उपकरही आता राहिला नाही.

बरं, मधल्या काळात आपण काय मिळवलं? 1956 साली मराठवाडा निजामी संस्थानाच्या अवशेषातून सुटून मुंबई राज्यात आला, आणि 1960 च्या 1 मे रोजी मराठी माणसाचं राज्य झालं. हुतात्मा चौकात रक्त सांडलं ते नकाशावर नुसती रेघ ओढण्यासाठी नव्हे. आपल्या मातीचा विचार आपल्या भाषेत, आपल्या दारात व्हावा म्हणून ते सांडलं. मग आपल्या मातीचा विचार करणारं कृषी विद्यापीठ परभणीला केव्हा आलं? राज्याचं पहिलं राहुरीला, 1968 साली. अकोल्याचं 1969 साली. परभणीचं 18 मे 1972 रोजी, तेही रस्त्यावर उतरल्यावर! राज्य होऊन 12 वर्षं लोटल्यावर. मराठी राज्यातसुद्धा मराठवाड्याला मागितल्याशिवाय मिळत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

कुणी म्हणेल, "विद्यापीठ मिळालं ना? आता कामून ओरडता?" ऐका तर मग.

विद्यापीठाच्या लोकांनी काम केलं नाही असं आम्ही म्हणणार नाही. शिरांचा पिवळा रोग ज्या भेंडीवर लवकर येत नाही ती 'परभणी क्रांती' इथलीच. देशी कापसाचा धागा आखूडच असणार, ही समजूत खोटी पाडणारं पीए 255, म्हणजे 'परभणी तुराब', तेही इथलंच. नांदेडच्या केंद्राने एनएचएच 44 हा संकरित कापूस दिला, त्याने कोरडवाहू शेतकऱ्याला कित्येक वर्षं तारलं. माणसं होती, अक्कल होती, जमीन होती. कमी पडली ती सरकारची मूठ.

विद्यापीठाच्या पैशाची वाट बघा. राज्य सरकारच्या अनुदानाचा मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनातच संपतो. प्रत्यक्ष प्रयोगाला हात देतात त्या दिल्लीच्या अखिल भारतीय समन्वित योजना. त्यात 75 टक्के केंद्राचे, 25 टक्के राज्याचे. म्हणजे कशावर संशोधन करायचं हे बरंचसं दिल्लीत ठरतं. राज्यातल्या चारही विद्यापीठांचा मेळ घालणारी परिषद पुण्यात. तिजोरी मुंबईत. आणि परभणीत काय? रिकाम्या जागांची यादी!

2002 साली बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. तो गुण परदेशी कंपनीचा. सरकारी विद्यापीठाकडे उत्तम वाण होतं, पण त्यात तो गुण घालायला ना पैसा, ना परवाना, ना घाई. खाजगी संकरित वाणांनी रान व्यापलं आणि एनएचएच 44 मागे पडलं. 450 ग्रॅमची पिशवी सुमारे 1600 रुपयांना विकली गेली! शेजारच्या आंध्र सरकारने कंपनीला दरबारात खेचलं, तेव्हा 2006 साली भाव 750 वर आला. बघा, भाषावार राज्य मनात आणलं तर काय करू शकतं! आणि संकरित बियाणं म्हणजे दरसाल नवी पिशवी. घरचं सरकीबियाणं पेरायची सोयच गेली. शेवटी 2017 साली गुलाबी बोंडअळीने तो गुणही पचवला आणि बोंडं किडली.

आता नांदेडच्या केंद्राने एनएच 1901, 1902 आणि 1904 ही बीटीची सरळ वाणं दिली आहेत. सरळ वाण म्हणजे शेतकऱ्याला स्वतःचं बी राखता येतं. आनंदाची गोष्ट! पण ही वाणं यायला 2002 नंतर जवळजवळ वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांची पिशव्यांची किंमत कुणी भरली? किडक्या कापसाचा, कमी उताऱ्याचा, तुटक्या तारेचा दंड कुणी सोसला? मंत्र्याने नाही सोसला.

राज्याकडे मंडळांची वाण नाही. 2004 साली विज्ञान व तंत्रज्ञान आयोग झाला, 2018 साली नाविन्यता सोसायटी झाली. दोन्ही मुंबईत. मराठवाड्याच्या अनुशेषावर बोट ठेवणारं विकास मंडळ होतं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. बोट ठेवणाराच गेला, मग दुखणं दिसणार कसं?

आणि भाषेचं काय? परभणीच्या मातीत केलेला प्रयोग इंग्रजी निबंधात बंद होतो. शेतकऱ्याला शिफारस मराठीत मिळते खरी, पण पैसा कुठे गेला आणि प्रयोग का फसला, हे त्याला मराठीत कोण सांगतो? कंपनीचा विक्रेता मात्र चोख मराठीत बोलतो!

म्हणून आमच्या मागण्या:

1. गिरणीत कातल्या जाणाऱ्या प्रत्येक गाठीवर पूर्वीसारखा उपकर लावा. तो मालकाने भरावा, शेतकऱ्याच्या भावातून वा कामगाराच्या पगारातून कापू नये. त्यातला मराठवाड्याच्या गाठींचा वाटा परभणी-नांदेडच्या कापूस केंद्रांवरच खर्च व्हावा.

2. तो निधी चालवणाऱ्या मंडळात शेतकरी आणि गिरणी कामगार यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. नेमलेले नकोत!

3. विद्यापीठातील रिकाम्या जागा भरा.

4. प्रत्येक योजनेचा जमाखर्च आणि निष्कर्ष दरसाल मराठीत छापा, फसलेले प्रयोगसुद्धा.

5. जनतेच्या पैशातून निघालेलं बियाणं जनतेचंच राहील, असा कायदा करा.

मालक म्हणतील, आम्हाला परवडत नाही. 1923 साली गोऱ्या सरकारच्या राज्यात परवडलं, ते मराठी राज्यात परवडत नाही? सांगा की हे आमच्या तोंडावर!

बंधूंनो, ही पत्रिका घडी करून खिशात ठेवू नका. पाळी सुटल्यावर फाटकावर वाचा, गावाकडे जाल तेव्हा भावाला वाचून दाखवा. कातणारा आणि पिकवणारा एका सुताने बांधले गेले, तर ते सूत तोडायची कुणाची छाती नाही.

बिदर-भालकीपासून बेळगाव-कारवारपर्यंत मराठी माणसाचं एक राज्य! त्या राज्यात ज्ञान मराठी माणसाच्या मालकीचं!

जय महाराष्ट्र!