बघा, पण हात लावू नका



सुट्टीत मुलांना न्यायचे कुठे, हा प्रश्न घरोघरी असतो. यवतमाळहून अमरावती, मोर्शीमार्गे सातपुड्यात शिरले की मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्याचे धारूल गाव लागते. तेथील अंबादेवी परिसरातल्या कपारींत आदिमानवाने रंगविलेली प्राण्यांची, माणसांची चित्रे आहेत. २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी ती उजेडात आणली.

आम्ही गेलो तेव्हा चित्र ठळक दिसावे म्हणून पुतण्याने बाटलीतले पाणी मारायला घेतले. मी त्याचा हात धरला. ओले चित्र घटकाभर उजळते खरे. पण दगडातील क्षार पाण्याबरोबर वर येतात, वाळल्यावर चित्रावर पांढरा थर बसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. खडूने गिरवणे, हात फिरवणे, कपारीत चूल मांडणे हेही तितकेच वाईट.

ज्यांनी ही चित्रे काढली, त्यांना लिपी नव्हती. त्यांचे सांगणे या दगडावरच आहे. आमच्या कचेरीत फाटलेल्या कागदाची नक्कल मिळते. पुसलेले चित्र पुन्हा मिळत नाही. म्हणून मुलांना नाव कोरायला खिळा नव्हे, चित्र उतरवायला वही-पेन्सिल द्या.