पदवी आणि खिडकी

सरकारी बँकांत आयबीपीएसच्या परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या लिपिकांस २०२५ साली ‘ग्राहक सेवा सहयोगी’ हे नवे नाव मिळाले. अट मात्र जुनीच राहिली: उमेदवार कोणत्याही शाखेचा पदवीधर हवा. वनस्पतिशास्त्र चालते, इतिहासही चालतो. म्हणजे बँकेस विद्या नको आहे, केवळ चाळणी हवी आहे. अर्जदार लाखांनी येतात, तेव्हा चाळणी हवी हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यासाठी लेखी परीक्षा आणि स्थानिक भाषेची चाचणी आहेतच.

अनुभव पदवीची जागा घेऊ शकतो, हे तत्त्व बँकांस अपरिचितही नाही. पंधरा वर्षे सेवा करून सैन्याचे शिक्षण प्रमाणपत्र मिळविलेल्या मॅट्रिक माजी सैनिकास पदवीतून सूट आहे. दहावी उत्तीर्ण ग्रामीण डाक सेवक तर २०१८ साली सुरू झालेल्या टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचे व्यवहार खेडुतांच्या उंबरठ्यावर करून देतो.

शिक्षणाची महती आम्ही कमी लेखीत नाही. उमेदीची वर्षे आम्ही वर्गातच घालविली. पण घरच्या ओढगस्तीमुळे बारावीनंतर दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या राहिलेल्या मुलीस परीक्षेच्या दारातूनच परतविणे न्याय्य नाही. तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला असणाऱ्यांस परीक्षेस बसू द्यावे. पदवी बढतीच्या वेळी मागावी. नोकरी सांभाळून ती मिळविण्याची सोय यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून केलेली आहे. खिडकीपुढे ताटकळणाऱ्या वृद्धास हवा असतो तो समजुतीने ऐकून घेणारा माणूस. तो निवडण्याची रीत बँकांनी आता तरी बदलावी.