अँप 'गेला' म्हणण्याआधी : वेंगुर्ल्याची खारी हवा आणि दुरुस्तीचा हक्क

मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल दिला. फ्रिजवर विजेचे स्टार असतात ना, तसेच वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण खरेदीआधी दिसावेत, अशी ही कल्पना. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. चांगलंच आहे. पण मी वेंगुर्ल्यात राहतो, आणि इथे विनाकारण बदलली जाणारी वस्तू म्हटली की मला आधी गाडीच्या डिकीतला अँप्लिफायर आठवतो. (बोलताना आपण 'अँप'च म्हणतो. मोबाइलमधला ॲप वेगळा!)

गणपतीला चाकरमानी मुंबईहून गाडी घेऊन येतात, गाडी आठवडाभर अंगणात पावसात उभी राहते, आणि परतीच्या दिवशी अँप बंद. दुकानात उत्तर एकच : "गेलो तो, नवीन घाल." माझ्या ओळखीतल्या एकाने असा अँप बदलून घेतला. नवाही महिन्याभरात बंद पडला, कारण बिघाड अँपमध्ये नव्हताच. अर्थच्या वायरचा बोल्ट गंजला होता.

कारण आपली हवा. याच तालुक्यात शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तिथली. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात, मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि जिथे दोन धातू एकत्र येतात तिथे गंज चढतो. तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, तसा वायरच्या टोकाला हिरवा थर येतो. पांढरी भुकटी दिसली, तर वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे. स्वस्त किटमध्ये ती सर्रास मिळते, आणि किनाऱ्यावर लवकर दगा देते.

आता तपासणी. साधा मल्टिमीटर लागतो. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. काही सोडवायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

अँपवर एकही लाइट नाही? बॅटरीजवळचा फ्यूज बघा, मग अँपवरचा. नंतर स्टिरिओ चालू ठेवून रिमोट वायरवर (बहुतेकदा निळी, किंवा निळ्यावर पांढरी रेघ) १२ व्होल्टच्या आसपास येतात का ते मोजा. ही बारीक वायर स्टिरिओचा 'जागा हो' निरोप अँपला देते. निरोपच नाही, तर अँप झोपलेलाच.

लाल 'प्रोटेक्ट' लाइट लागतोय? स्टिरिओ बंद करा, स्पीकरच्या सगळ्या वायर काढा, पुन्हा चालू करा. लाल लाइट गेला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. राहिला तर स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए केबलही काढून बघा. फक्त पॉवर, अर्थ आणि रिमोट जोडलेले असूनही लाल असेल, तर बिघाड खरंच आत असण्याची शक्यता जास्त. तेव्हाही दुरुस्तीवाल्याकडे न्या, आतला जळालेला ट्रान्झिस्टर अनेकदा बदलता येतो.

सगळ्यात जास्त वेळ अर्थवर घालवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. गाणं जोरात लावून अँपच्या टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत कुठेतरी वायर बारीक आहे किंवा सांधा गंजलाय. अर्थचा बोल्ट सोडवा, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, लग घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी 'कुंईं' शिट्टीही अनेकदा इथेच थांबते. पावसाळा संपला की हे एकदा कराच.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० ॲम्पिअरच्या जागी ६० चा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर सीटखालच्या कार्पेटमधून गेलेली असते.

आता पुन्हा त्या अहवालाकडे. फोनचे गुण देताना वस्तू उघडणं किती सोपं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळते का, हे बघायचं आहे. सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर डिसेंबर २०२२ पासून मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स आणि वाहनं हे दोन वेगळे विभाग आहेत. बाहेरून बसवलेला अँप दोन्हींच्या मधोमध लोंबकळतो : गाडीची कंपनी म्हणते आमचा नाही, अँपवाला म्हणतो फिटिंग आमचं नाही. माझ्या मते पुढच्या यादीत अशा वस्तू हव्यातच. तोवर दुकानदाराला बिल करण्याआधी एवढंच विचारा, "अर्थवर किती व्होल्ट पडतायत, मोजून दाखवता?" मोजायला मीटरच नसेल, तर जुना अँप त्याच्याकडे सोडू नका, घरी घेऊन या.