समुद्राची खुरपणी करणाऱ्यांना पाव चारू नका

मंडळी, आधीच सांगतो. पोस्ट मोठी आहे आणि आपल्याच लोकांबद्दल आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण शेवटपर्यंत वाचून द्या.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या हट्ट्यातली, वसमतची बरीच मंडळी मालवण-तारकर्ली करून आली. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येकाच्या स्टेटसला एकच व्हिडिओ. लाइफ जॅकेट, तोंडाला मास्क, पाण्याखाली हात, हातात पावाचा तुकडा आणि त्याच्यावर तुटून पडलेले काळ्या पट्ट्यांचे मासे. मागं गाणं. खाली कमेंट : "लय भारी", "मुक्या जिवाला घास, पुण्याचं काम".

माझाही असाच एक व्हिडिओ आहे, तीन वर्षांपूर्वीचा. पावाचा पुडा मीच फोडला होता. त्यामुळं हे लिहिताना मी काही सोवळ्यात नाही. पण आल्यावर सहज वाचत गेलो, ते मासे एरवी खातात काय, आणि लाज वाटायला लागली. म्हणून स्पष्ट लिहितो : हे पुण्य नाही. पैसे मोजून केलेलं नुकसान आहे.

आता पहिला प्रश्न मला माहीत आहे. "हट्ट्यात बसून तुला मालवणच्या माशांचं काय पडलंय? इथं हळदीला भाव नाही, रस्त्यात खड्डे आहेत, त्याच्यावर लिही की." त्याच्यावर लिहितोच. आणि खरं आहे, आपला त्या समुद्राशी पाण्याचाही संबंध नाही. आपल्या पूर्णेचं पाणी गोदावरीत जातं आणि गोदावरी जाते थेट बंगालच्या उपसागरात, उलट्या दिशेला. मालवण इथून ६०० किलोमीटरहून लांब. पण आपण तिथं जातो ना? गाडी करून जातो, शाळेच्या सहली नेतो. जिथं आपण पाय ठेवतो तिथली जबाबदारी आपली नाही, असं कसं म्हणता येईल?

आता मुद्द्यावर येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली जे रंगीत खडक दिसतात, त्यातले बरेच नुसते दगड नाहीत. ते प्रवाळ आहे, म्हणजे पोवळ्याच्या जातीचा जीव. लाखो बारीक जीव एकत्र राहून खालून चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात आणि उन्हावर अन्न तयार करतात. ऊन मिळालं तर प्रवाळ जगतं. त्यातलं गड्ड्यासारखं गोल प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतं. म्हणजे आपण ज्याच्यावर पाय टेकवून फोटो काढतो तो अर्ध्या मीटरचा गड्डा पन्नासेक वर्षांचा असू शकतो. आपल्या बापाच्या वयाचा.

या प्रवाळाचा शेजारी शत्रू म्हणजे शेवाळ. प्रवाळ वर्षाला बोटभर वाढत नाही, शेवाळ मात्र आठवड्यात पसरतं. ते प्रवाळावर चढलं की ऊन अडतं. आणि प्रवाळाचं नवीन पिल्लू, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक, त्याला चिकटून बसायला साफ जागा लागते. शेवाळानं भरलेल्या दगडावर ते तगत नाही.

हळद लावलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. हळद सावकाश येते, तण झपाट्यानं येतं. खुरपणी चुकली की काय होतं हे आपल्याला पाठ आहे.

समुद्रात ती खुरपणी मासे करतात. पोपटमाशाचे पुढचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीनं तो दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडतो. खरवडताना तोंडात आलेला चुना घशातल्या दुसऱ्या दातांनी दळतो आणि मागून बारीक वाळू टाकतो. जगात प्रवाळी बेटांवरची पांढरी वाळू बऱ्याच अंशी अशीच तयार झालेली आहे. काही मासे शेवाळ कातरतात, काही फटीतले किडे वेचतात. हेकरू कपारीत दबा धरून बसतो आणि समोरून जाणारा लहान मासा अख्खा गिळतो. म्हणजे खुरपणारा वेगळा, वेचणारा वेगळा, राखणदार वेगळा. गावगाडा म्हणा ना. प्रत्येकाचं पोट ज्या कामावर भरतं, त्या कामानंच ती जागा जिवंत राहते.

या गावगाड्यात आपण पावाचा पुडा घेऊन उतरतो.

व्हिडिओत दिसणारे ते काळ्या पट्ट्यांचे मासे एरवी पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात, शेवाळ खातात, संधी मिळाली की दुसऱ्याची अंडीही खातात. त्यांच्यातला नर दगडावरच्या अंड्यांची राखण करतो, जवळ येणाऱ्याला हुसकावून लावतो. जिथं रोज पाव पडतो तिथं असे धीट, काहीही खाणारे मासे गोळा होतात. बुजरे मासे मागं सरतात. पाव संपला, होडी गेली, तरी जमलेली गर्दी तिथंच असते आणि तिला आसपासची अंडी दिसत असतात. हे मी मनानं सांगत नाही. इटलीत सिसिलीजवळ उस्तिका नावाचं बेट आहे. तिथल्या राखीव समुद्रात संशोधकांनी हे तपासलं. पर्यटक खाऊ घालतात तिथं एका जातीचे मासे जमले आणि दुसऱ्या जातीच्या घरट्यांवरचे त्यांचे हल्ले वाढले. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं तर पाणबुड्या पर्यटकांनी माशांना खाऊ घालण्यावर २००२ पासून बंदीच घातली. त्यांना भूतदया नव्हती म्हणून नाही. मासे माणसामागं लागायला लागले म्हणून. देवस्थानाच्या पायऱ्यांवर केळी हिसकावणारी माकडं आपण बघतो, ती कुणी तयार केली?

आणि पोटाचं काय? आपल्याकडं लग्नसराईत दरवर्षी एखाद्याची म्हैस जाते. उरलेला भात, पुऱ्या, बुंदी कुणीतरी प्रेमानं घमेलं भरून पुढं ठेवतं. रात्री पोट फुगतं, सकाळी जनावरांचा डॉक्टर येतो, तोवर खेळ संपलेला असतो. घालणाऱ्याच्या मनात पापच नव्हतं. पण म्हशीचं पोट कडब्यासाठी आहे, बुंदीसाठी नाही. शेवाळ खाणाऱ्या माशाचं लांब आतडं शेवाळासाठी आहे, मैद्यासाठी नाही. आणि पाव खाऊन पोट भरलेला मासा शेवाळ कशाला खरवडेल? रोजानं लावलेल्या बाईला बांधावर बसवून दिवसभर चहा-भजी दिली तर रानातलं तण कोण काढणार?

कुणी म्हणेल, चार तुकड्यांनी काय समुद्र बुडतो? एका माणसाच्या चार तुकड्यांनी नाही बुडत. पण होड्या रोज त्याच दोन-चार जागी जातात. सकाळपासून दुपारपर्यंत, सीझनभर, एकामागं एक. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

खुरपणारे गेले की काय होतं याचा मोठा दाखला जमैकाचा आहे. तिथं शेवाळ खाणारे मासे वर्षानुवर्षं मारून संपवले. मग सगळी भिस्त राहिली शेवाळ खाणाऱ्या काटेरी समुद्री अर्चिनवर. १९८३ मध्ये त्या अर्चिनला रोग आला आणि ते जवळजवळ सगळे मेले. वादळानं आधीच मोडलेलं प्रवाळ, आणि आता शेवाळ खायला कुणीच नाही. १९७७ च्या सुमारास समुद्रतळाचा निम्म्याहून जास्त भाग प्रवाळानं झाकलेला होता, १९९३ पर्यंत तो ३ टक्क्यांवर आला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. तिथं मासे पावानं नाही, जाळ्यानं गेले, हे कबूल. पण धडा तोच आहे : खुरपणारा कामावर नसला की रान तणाचं होतं. पुढं २००९ मध्ये बेलीझ देशानं पोपटमासा पकडायलाच बंदी केली. त्यांना कळलं की हा मासा ताटात असण्यापेक्षा पाण्यात असणं जास्त किमतीचं आहे.

मालवणचं प्रवाळ पावामुळं मेलं, असं मी म्हणत नाही. त्याच्यावर मोठी संकटं आहेत. समुद्र तापतोय. २०१५-१६ मध्ये जगभर प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा मालवणचंही पडलं. पण लक्षात घ्या, पांढरं पडून मेलेल्या प्रवाळावर सगळ्यात आधी चढतं ते शेवाळच. म्हणजे समुद्र जितका तापेल तितकी खुरपणाऱ्यांची गरज वाढणार. समुद्र थंड करणं हट्ट्याच्या माणसाच्या हातात नाही. पावाचा पुडा मात्र त्याच्याच हातात असतो.

"मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर, एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांवर बोल ना, गरीब पर्यटकाला काय धरतो?" हाही प्रश्न येणार. बोलायलाच पाहिजे. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, पर्ससीनवर २०१६ पासून राज्यानं मर्यादा आणल्या, तरी तिथले छोटे मच्छीमार अजून ओरडतायत. त्यांचं ओरडणं खरं आहे. पण गावात दरोडा पडला म्हणून आपण शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे पाडायचे का?

आणखी एक. ताडोबात जिप्सीतून हरणाला बिस्किट टाकून बघा. गाईड तिथंच हात धरेल. मग मालवणात का चालतं? ते पण अभयारण्यच आहे. १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला ज्याच्या पोटात आहे असं सागरी अभयारण्य. प्रवाळाला तर २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलंय. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत प्रवाळ. वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी सेल्फी काढत नाही. प्रवाळावर आपण बिनधास्त उभं राहतो, कारण ते गुरगुरत नाही.

तिथल्या पोरांना दोष द्यायला मी ही पोस्ट लिहीत नाही. त्यांचा धंदा चालला पाहिजे, मासेमारी कमी होत असताना त्यांना हाच आधार आहे. मी गेलो तेव्हा आमच्या होडीवरचा पोरगा आधी गप्पच होता. आमच्यातलेच दोघं ओरडले, "मासे कुठंयत रे? पैसे कशाचे घेतो?" तेव्हा त्यानं पाव काढला. म्हणजे पाव त्याच्या हातात असला तरी मागणी आपली होती. गिऱ्हाईकानं मागायचं बंद केलं की दुकानदार तो माल ठेवत नाही, हा बाजाराचा साधा नियम आहे.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

एक, होडीत बसायच्या आधीच सांगा : दादा, पाव नको, आम्हाला मासे त्यांच्या कामावर बघायचेत. पाच मिनिटं हातपाय न मारता पाण्यावर नुसतं पडून राहा. पाणी स्वच्छ असलं आणि जवळपास पोपटमासा असला तर दगडावर दात घासल्याचा कर्र कर्र आवाजसुद्धा ऐकू येतो. कोणत्याही रीलमध्ये तो ऐकायला मिळत नाही.

दोन, आपल्या शाळांनी सहलीच्या सूचनापत्रात एक ओळ घालावी. माशांना काही खाऊ घालू नये, प्रवाळावर उभं राहू नये. मुख्याध्यापकांना मी स्वतः भेटून विनंती करणार आहे. लेकरं ऐकतात, प्रश्न आपला मोठ्यांचा आहे.

तीन, सरकारनं ताडोबाचा नियम मालवणात आणावा. खाऊ घालण्याची बंदी तिकिटावर छापा, जेटीवर फलक लावा, मोडणाऱ्याला दंड करा. त्यासाठी नवीन अभयारण्य लागत नाही, आहे त्याला अभयारण्य समजलं तरी पुरे.

माझा तो जुना व्हिडिओ मी आज काढून टाकलाय. ज्यांच्या स्टेटसला आहे त्यांनी काढावा असा आग्रह नाही. पण पुढच्या वेळी कुणाच्या रीलखाली "पुण्याचं काम" लिहायच्या आधी, रात्री पोट फुगून गेलेली ती म्हैस आठवा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, मी आहे उत्तर द्यायला.