राजीनाम्याचा धर्म

एकत्र कुटुंबांत माजघरांत कितीही वाद झाला, तरी ओसरीवर बसलेल्या पाहुण्यास घरचा एकच निर्णय ऐकूं यावा, अशी आपल्याकडील सुज्ञ घरांची रीत आहे. कर्त्या पुरुषानें सर्वांचें ऐकून घ्यावें, आणि एकदां ठरलें म्हणजे ज्याचें मत निराळें होतें त्यानेंही तें आपलेंच मानून पार पाडावें, यांत घराची अब्रू असते. राज्यकारभारांत याच रीतीस सामुदायिक जबाबदारी म्हणतात. हें तत्त्व आमच्या वाचकांस समजावयास पंडिताची गरज पडूं नये.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदांत, मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असें स्पष्ट म्हटलें आहे. एका मंत्र्याचा निर्णय तो सर्वांचा निर्णय. खातें दुसऱ्याचें होतें, मला विचारलें नाहीं, अशी सबब लोकसभेपुढें चालत नाहीं. परंतु ज्यास तो निर्णय आपला म्हणवत नाहीं, त्यानें काय करावें? त्यानें पद सोडावें व मग मोकळेपणानें बोलावें. राजीनामा हा या व्यवस्थेंतील बिघाड नसून तिचा आधार आहे, असें आम्हांस वाटतें.

याचा प्रत्यय आपल्या राष्ट्राच्या पहिल्या दहा वर्षांतच आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं अधिकारारूढ झालेल्या मंत्रिमंडळांत पंडित नेहरू धरून १४ जण होते. सरदार पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रप्रसाद हे काँग्रेसचे धुरीण तर होतेच. पण काँग्रेसवर कडक टीका करीत आलेले डॉ. आंबेडकर, हिंदुमहासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि काँग्रेसबाहेरचे षण्मुखम् चेट्टी हेही त्यांच्या शेजारीं बसले. राजकुमारी अमृत कौर यांजकडे आरोग्यखातें होतें, आणि पुण्याचे काकासाहेब गाडगीळ हेही त्यांत होते. इतक्या भिन्न मतांचीं माणसें एका चुलीवर जेवूं लागलीं म्हणजे कधीं ना कधीं पान वेगळें मांडण्याची वेळ यावयाचीच.

ती आली. एप्रिल १९५० मध्यें पाकिस्तानचे लियाकत अली यांच्याशीं झालेला करार न पटल्यामुळें मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी बाहेर पडले. त्याच वर्षीं नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन अर्थमंत्री जॉन मथाई यांनीं पद सोडलें. सप्टेंबर १९५१ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं राजीनामा दिला. त्यांच्या कारणांत हिंदु कोड बिलाची झालेली उपेक्षा हें एक ठळक कारण होतें. हें बिल आपल्या घराच्या उंबरठ्याआंतील होतें. विवाह, वारसा आणि मुलीचा वाटा यांसंबंधींचे त्यांतील विषय पुढें १९५५ व १९५६ च्या निरनिराळ्या कायद्यांनीं बव्हंशीं मार्गीं लागले, आणि वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. मंत्र्यानें पद सोडलें म्हणून त्याचें कार्य बुडालें असें होत नाहीं, हें यावरून दिसतें.

१९५६ सालीं चिंतामणराव देशमुखांनीं मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलें. निर्णय न आवडणें एवढाच त्यांचा आक्षेप नव्हता. मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां तो ठरला, असें त्यांचें म्हणणें होतें. पंडितजींनीं तें मान्य केलें नाहीं. खरें कोणाचें, यावर आजही वाद होऊं शकेल. पण तत्त्व मोलाचें आहे: ओसरीवर एकवाक्यता हवी असेल, तर माजघरांत विचारविनिमय खरोखर झाला पाहिजे. ज्यास विचारलेंच नाहीं, त्याजकडून मौनाची अपेक्षा करणें हा अन्याय होय.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत अरियलूर येथें आगगाडीस भीषण अपघात होऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. गाडी कांहीं लालबहादुर शास्त्री चालवीत नव्हते. तरी रेल्वेमंत्री या नात्यानें त्यांनीं पद सोडलें. १९५८ मध्यें आयुर्विमा महामंडळानें मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग खरेदी केल्याच्या प्रकरणाची न्यायमूर्ति छगला यांनीं मुंबईस उघड चौकशी केली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस जावें लागलें. यांतील एक स्वतः गेले, दुसऱ्यांस चौकशीनंतर जावें लागलें. परंतु दोन्ही वेळां खात्याचें ओझें मंत्र्यानेंच उचललें. शास्त्रीजी पुढें १९६४ सालीं प्रधानमंत्री झाले. पद सोडल्यानें माणसाची पत गेली नाहीं, ती वाढली.

येथें घराची उपमा संपते, हेंही ध्यानांत धरिलें पाहिजे. घराचा कर्ता वयानें ठरतो, आणि कुटुंबांतून कोणास राजीनामा देतां येत नाहीं. प्रधानमंत्र्यास मात्र लोकसभेचा विश्वास आहे तोंवरच बसतां येतें, आणि ती लोकसभा आपण निवडतों. म्हणून मंत्र्यांची संख्या किती, कोणत्या प्रांतास किती जागा मिळाल्या, एवढेंच मोजून आपण थांबूं नये. संख्येस तर २००३ च्या घटनादुरुस्तीनें लोकसभेच्या शेंकडा १५ अशी मर्यादाच घातली आहे. चूक झाली तेव्हां ती कोणीं पत्करली, आणि मत न पटलें तेव्हां खुर्ची कोणीं सोडली, हें आपण पाहावें व मुलांसही दाखवावें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत वृत्तपत्रांतील राजकारणाची चर्चा होतेच. त्या चर्चेंत पद मिळविणाऱ्यांचीं नांवें पुष्कळ येतात. पद सोडणाऱ्यांचींही येऊं द्यावींत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.